हार्ट अटॅकनंतरचा स्टेंट आतून पाहताना: ओसीटी आणि आयव्हस वाचण्याचा क्रम

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या कॅथ लॅबमध्ये नव्याने रुजू झालात की पहिले काही आठवडे शीथ, वायर, प्रेशर लाइन आणि बलूनचे साइझ यांतच जातात. मग एखाद्या रात्री प्रायमरी अँजिओप्लास्टी (अटॅक चालू असतानाच केलेली) चालू असताना सर म्हणतात, "ओसीटी लाव." स्क्रीनवर सोनेरी-तपकिरी गोल चित्रं पळायला लागतात आणि सगळे तुमच्याकडे बघतात. ओसीटी आणि आयव्हस म्हणजे बारीक कॅथेटर धमनीत घालून तिचं आतून चित्र घेण्याच्या दोन पद्धती. कॅथेटर कसा जोडायचा हे कंपनीचा माणूस येऊन दाखवून जातो. चित्र वाचायला मात्र कोणी बसवून शिकवत नाही, ते असंच कुणाच्या तरी खांद्यावरून बघत शिकावं लागतं.

कॅथ लॅब टेक्नॉलॉजी करून आलेली मुलंमुली, डीएमच्या पहिल्या वर्षाचे रेसिडेंट आणि स्क्रब नर्स यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी टेक्निशियन आहे. काय करायचं ते ऑपरेटर ठरवतात, आपण नाही. पण कन्सोलवर माप घेणारा हात बहुतेक वेळा आपलाच असतो, आणि भलत्या फ्रेमवर घेतलेलं माप पुढचा बलूनही भलताच निवडायला लावतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. नव्या माणसाची नजर भडक गोष्टींवर जाते: भिंतीपासून सुटलेले स्ट्रट (स्टेंटच्या जाळीच्या तारा), आत लोंबणारी गुठळी. प्रत्यक्षात रुग्णाला पुढे सगळ्यात जास्त नडतो तो पुरेसा न उघडलेला स्टेंट, आणि तो चित्रात अगदी सभ्य दिसतो. गोल, भिंतीला टेकलेला, फक्त लहान. म्हणून दिसेल ते वाचायचं नाही, ठरलेल्या क्रमाने वाचायचं.

अँजिओग्राफी असताना हे कशाला, असं नातेवाईकच काय, आपल्यातलेही विचारतात. पुलावरून मुठेकडे पाहिलं तर पाणी किती रुंद वाहतंय ते दिसतं, पात्रात गाळ किती साचलाय ते दिसत नाही. अँजिओग्राफीचं तसंच आहे. ग्लागोव्ह या अमेरिकन संशोधकांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं की प्लाक (भिंतीत साचलेला थर) वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि साधारण ४० टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत आतली पोकळी फारशी कमी होत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयव्हस-एसीएस या अभ्यासात अटॅक किंवा अस्थिर अंजायनाचे ३,५०५ रुग्ण होते. आयव्हस वापरून स्टेंट टाकलेल्यांत वर्षभरात त्याच धमनीशी संबंधित मोठा त्रास ४ टक्के जणांना झाला, नुसत्या अँजिओग्राफीवर टाकलेल्यांत ७.३ टक्के जणांना. अमेरिकेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांतही अटॅकच्या रुग्णात लेफ्ट मेन (डाव्या धमनीचा मुख्य बुंधा) किंवा गुंतागुंतीच्या जागी स्टेंट टाकताना आतून चित्र घ्या, ही पहिल्या वर्गाची, म्हणजे सगळ्यात ठाम, शिफारस आहे.

हाताशी काय हवं

- केस पेपर: अटॅक कधी आला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी दिलंय का, शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं)
- संमतीपत्र, त्यात इमेजिंगचा उल्लेख आहे की नाही ते पाहून
- टाकलेल्या स्टेंटचं स्टिकर आणि कोणता बलून किती प्रेशरला फुगवला त्याची नोंद
- ताजा एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ). साधारण २५० सेकंदांच्या वर असल्याशिवाय कॅथेटर आत नको
- नायट्रोग्लिसरीन भरून, लेबल लावून ठेवलेली सिरिंज
- ओसीटी असेल तर शुद्ध डाय आणि इंजेक्टर. फिरणारं आयव्हस असेल तर फ्लशसाठी सलाइन
- कन्सोलवर रुग्णाचं नाव, नंबर आणि धमनीचं नाव आधीच टाकलेलं
- तुमचा टीएलडी बॅज (रेडिएशन मोजणारा), लॉकरमध्ये नाही, अंगावर

१. चित्राआधी रुग्ण वाचा

दौंड, शिरूर, इंदापूरकडून येणाऱ्या बऱ्याच रुग्णांना तिकडेच टेनेक्टेप्लेझ किंवा स्ट्रेप्टोकायनेज दिलेलं असतं आणि ते २४ तासांच्या आत पुण्यात पोचतात. अशा रुग्णाच्या धमनीत अर्धवट विरघळलेली गुठळी असते. हडपसरहून छातीत दुखायला लागल्यावर तासाभरात थेट आलेल्या माणसाची गुठळी ताजी आणि भरपूर असू शकते. चित्रात पुढे काय दिसणार याचा अर्धा अंदाज इथेच येतो.

स्टेंटचा साइझ कागदावर लिहून त्याच्यासमोर त्याचं पूर्ण उघडल्यावरचं क्षेत्रफळ लिहा. २.५ मिमीचा स्टेंट पूर्ण उघडला तर ४.९ चौरस मिमी, २.७५ चा ५.९, ३ चा ७.१ आणि ३.५ चा ९.६. हे पाठच करा. कन्सोल ४.६ म्हणाला आणि आत ३ चा स्टेंट असेल, तर बाकी काही न पाहताही तुम्हाला कळतं की काहीतरी अडलंय.

२. रन नीट घ्या

रन म्हणजे कॅथेटर धमनीतून मागे ओढत घेतलेली चित्रांची एक मालिका. ओसीटी म्हणजे प्रकाश. इन्फ्रारेड किरण १० ते २० मायक्रॉनपर्यंतचा बारकावा दाखवतात, पण भिंतीत १ ते २ मिमीपलीकडे पोचत नाहीत. शिवाय रक्तातून त्यांना दिसत नाही, म्हणून डाय सोडून रक्त क्षणभर बाजूला सारावं लागतं. आयव्हस म्हणजे ध्वनी. बारकावा कमी, नेहमीच्या कॅथेटरला १०० मायक्रॉनच्या पुढेच, पण खोली ४ ते ८ मिमी, आणि डायची गरज नाही.

कोणतं वापरायचं हे ऑपरेटर ठरवतात, तरी काही वेळा आपण आठवण करून द्यावी. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ओसीटीची प्रत्येक रन आणखी १२ ते १६ मिली डाय मागते. लेफ्ट मेनच्या किंवा उजव्या धमनीच्या अगदी तोंडाशी ओसीटीत रक्त नीट हटत नाही. धमनीत प्रवाहच मंद असेल तर ओसीटीचं चित्र गढूळ येणार हे नक्की. या तिन्ही वेळी आयव्हस बरं.

रन घेण्याआधी नायट्रोग्लिसरीन १०० ते २०० मायक्रोग्रॅम थेट धमनीत. अटॅकमध्ये धमनी आखडलेली असते. ती सैल न करता मोजलं तर बाजूची निरोगी धमनीसुद्धा लहान येते आणि छोटा स्टेंट अगदी बरोबर वाटतो. पण आधी प्रेशर बघा आणि विचारा. सिस्टोलिक ९० च्या आसपास असेल, खालच्या भिंतीच्या अटॅकसोबत उजवं व्हेंट्रिकल गुंतलेलं असेल, किंवा रुग्णाने सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल, तर नायट्रो धोक्याचं. गोळीबद्दल रुग्ण बायकोसमोर बोलत नाही. लॅबमध्ये एकटा असताना विचारायचं.

ओसीटीसाठी कॅथेटरच्या आतली हवा आणि रक्त डायने ढकलून काढा, गायडिंग कॅथेटर धमनीच्या तोंडाशी सरळ बसलाय ना पाहा, पुढचा मार्कर स्टेंटच्या टोकापलीकडे निदान ५ मिमी, जमलं तर १० मिमी ठेवा. डाव्या धमनीला डाय सेकंदाला ४ मिली. १८ मिमी प्रति सेकंद वेगाने ५४ मिमीची रन मिळते आणि दर ०.१ मिमीला एक फ्रेम; ३६ च्या वेगाने ७५ मिमी, दर ०.२ मिमीला. लांब स्टेंट असेल तर दुसरा पर्याय, नाहीतर वरचं, म्हणजे धमनीच्या तोंडाकडचं, टोक राहून जातं आणि पुन्हा डाय द्यावा लागतो.

आयव्हस हाताने ओढलं असेल तर लांबी मोजू नका. कन्सोल आकडा दाखवेल, त्याला अर्थ नाही. मोटरने ०.५ किंवा १ मिमी प्रति सेकंद ओढलं असेल तरच लांबीवर विश्वास. नव्या ६० मेगाहर्ट्झच्या कॅथेटरचे वेग याहून बरेच जास्त असतात, म्हणून वेग नोंदवून ठेवा.

३. खोटं चित्र आधी बाजूला काढा

हा टप्पा सगळे टाळतात. रन संपली की थेट मोजायला बसतात. आधी एकदा पूर्ण रन, काहीही न मोजता, शेवटपासून तोंडापर्यंत पळवून पाहा आणि या गोष्टी शोधा.

वायरमागची काळी पाचर ओसीटीच्या प्रत्येक फ्रेममध्ये असतेच. तिच्या सावलीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून तिथे "सगळं ठीक" असं म्हणू नका. न हटलेलं रक्त भोवऱ्यासारखं फिरताना दिसतं आणि हुबेहूब गुठळीसारखं वाटतं. पुढच्या-मागच्या फ्रेममध्ये त्याची जागा बदलते, गुठळी जागच्या जागी राहते. कॅथेटर कुठेतरी वाकला की फिरणं अडखळतं आणि चित्र एका बाजूला ताणल्यासारखं, पुसल्यासारखं दिसतं. ते वळणाच्या धमनीत हमखास होतं. आत हवेचा बुडबुडा असेल तर भिंतीचा एक भाग फिका पडतो. फिरणाऱ्या आयव्हसमध्येही हवा राहिली तर चित्र अंधारतं, सलाइनने पुन्हा फ्लश करा.

ओसीटीत कॅलिब्रेशन तपासल्याशिवाय एकही माप घेऊ नका. कॅथेटरच्या आवरणाची बाहेरची कड चार खुणांवर बसली पाहिजे. जरा सरकली असेल तर सगळी क्षेत्रफळं एका दिशेने चुकतात, आणि चूक चित्रात दिसत नाही.

मशीन आपोआप पोकळीची रेघ काढतं, त्यावरही डोळे मिटून विश्वास नको. ती गुठळीच्या कडेने जाते, बाजूच्या फांदीत शिरते, कधी गायडिंगलाच धमनी समजते. सगळ्यात लहान क्षेत्रफळाची फ्रेम म्हणून मशीन जी दाखवतं, ती उघडून बघायचीच.

४. दोन्ही टोकांना निरोगी जागा शोधा

तुलना कशाशी करायची हे आधी ठरतं. स्टेंटच्या दोन्ही बाजूंना, ५ मिमीच्या आसपास, सगळ्यात मोकळी पोकळी आणि सगळ्यात कमी प्लाक असलेली फ्रेम निवडा. हिलाच रेफरन्स म्हणतात. तिथे भिंतीचे तीन थर दिसले पाहिजेत: उजळ, काळा, उजळ. मधला काळा म्हणजे मीडिया, त्याच्या बाहेरची कड म्हणजे ईईएल. तीन थर स्पष्ट दिसले की तुमची जागा बरी आहे.

प्लाक कसला आहे तेही इथेच ओळखून ठेवा. ओसीटीत तंतुमय प्लाक उजळ आणि एकसारखा. कॅल्शियम काळपट, पण कड चाकूने कापल्यासारखी. चरबीही काळपट, पण कड धूसर, आणि मागचं काही दिसत नाही. आयव्हसमध्ये कॅल्शियम पांढरंशुभ्र आणि मागे काळी सावली. काळ्याच्या कडेकडे बघायची सवय लावली तर कॅल्शियम आणि चरबी यांत गोंधळ होत नाही.

चित्रातलं वरखाली खरं नसतं. १२ वाजता दिसणारी फांदी शरीरात वरच्या बाजूला असेलच असं नाही. दिशा ठरवायची ती फांद्यांवरून, म्हणून अँजिओ शेजारच्या स्क्रीनवर उघडी ठेवा.

५. स्टेंट किती उघडला: इथे वेळ द्या

स्टेंटच्या आतली सगळ्यात लहान फ्रेम शोधा. तिचं क्षेत्रफळ म्हणजे एमएसए. आता दोन कसोट्या लावायच्या.

पहिली नुसत्या आकड्याची. लेफ्ट मेन सोडून इतरत्र ओसीटीत ४.५ चौरस मिमीपेक्षा जास्त, आयव्हसमध्ये ५.५ पेक्षा जास्त. दोन आकडे वेगळे का, असं प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच: एकच धमनी आयव्हसमध्ये ओसीटीपेक्षा थोडी मोठी मोजली जाते. म्हणून आधी ओसीटी आणि नंतर आयव्हस करून दोन्ही आकड्यांची वजाबाकी करू नका. लेफ्ट मेन आणि तिथून फुटणाऱ्या दोन फांद्या, सर्कमफ्लेक्स आणि एलएडी, यांच्यासाठी आयव्हसचे आकडे वेगळे आहेत: सर्कमफ्लेक्सच्या तोंडाशी ५, एलएडीच्या तोंडाशी ६, दोघी मिळतात तिथे ७, लेफ्ट मेनमध्ये ८. हा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे.

दुसरी कसोटी तुलनेची. एमएसए हे दोन्ही टोकांच्या पोकळीच्या सरासरीच्या ८० टक्क्यांहून जास्त हवं.

खरी मजा दोन कसोट्या भांडतात तेव्हा येते. समजा एलएडीत ओसीटी आहे. खालच्या टोकाला पोकळी ६ चौरस मिमी, वरच्या टोकाला ९. सरासरी ७.५. एमएसए आलं ५.२. पहिल्या कसोटीला पास. दुसरीत ६९ टक्के, म्हणजे नापास. आता लगेच मोठा बलून मागायचा का? आधी बघा, ही लहान फ्रेम आहे कुठे. एलएडी खाली जाता जाता निमुळती होते. ५.२ ची फ्रेम स्टेंटच्या खालच्या अर्ध्या भागात असेल तर तिची तुलना खालच्या ६ शी करायला हवी, आणि ते होतात ८७ टक्के. काही बिघडलेलं नाही. पण हीच फ्रेम वरच्या अर्ध्या भागात असेल तर तुलना ९ शी, म्हणजे जेमतेम ५८ टक्के. तो स्टेंट तसाच ठेवून रुग्णाला बाहेर काढू नये. आकडा एकच, पण एका ठिकाणी हात आवरायचा आणि दुसऱ्या ठिकाणी एनसी बलून (जास्त प्रेशरलाही ठरलेल्या साइझपलीकडे फारसा न फुगणारा) काढायचा. म्हणून सरांना एमएसए सांगताना ते कुठे आहे हेही त्याच वाक्यात सांगा. मशीनने काढलेली एकच टक्केवारी वाचून दाखवणारा टेक्निशियन माझ्या मते अर्धंच काम करतो.

स्टेंट का उघडला नाही, याचं कारण बहुधा त्याच फ्रेममध्ये मागे उभं असतं. कॅल्शियम असेल तर तीन मापं घ्या: किती अंशांत पसरलंय, किती जाड, किती लांब. १८० अंशांपेक्षा जास्त पसरलेलं असेल तर २ गुण, ०.५ मिमीपेक्षा जाड असेल तर १, ५ मिमीपेक्षा लांब असेल तर १. चारही गुण भरले तर तिथे स्टेंट पूर्ण उघडणं कठीण. ही मापं खरं तर स्टेंट टाकण्याआधीच्या रनमध्ये घ्यायची असतात, कारण कॅल्शियम आधी फोडायचं की नाही ते त्यावर ठरतं. पण प्रायमरीच्या घाईत ती रन कित्येकदा होत नाही आणि मग हे प्रकरण स्टेंटनंतर समोर येतं. जाडी मोजायला ओसीटीच हवं. आयव्हसमध्ये कॅल्शियमची पुढची कड दिसते, मागची सावलीत जाते.

कॅल्शियम नसताना स्टेंट लहान दिसला तर दोन शक्यता: प्रेशर कमी दिलं गेलं, किंवा स्टेंटच लहान निवडला. अटॅकमध्ये दुसरी शक्यता विसरू नका. धमनी आखडलेली, आत गुठळी, डाय पुढे जात नाही, अशा वेळी अँजिओवर धमनी आहे त्यापेक्षा बारीक दिसते.

एनसी बलूनचा साइझ सुचवताना खालच्या टोकाचं माप घ्या. ईईएलचा निदान १८० अंशांचा भाग दिसत असेल तर त्याचा सरासरी व्यास घेऊन खालच्या पाव मिमीवर या: ३.४ असेल तर ३.२५. ईईएल दिसत नसेल तर पोकळीचा व्यास घ्या आणि तो हवं तर थोडा वर न्या. ईईएलचं माप वर नेलं तर धमनी फाटण्याची भीती असते.

६. भिंतीला टेकलाय का

इथे चित्र घाबरवतं. स्ट्रट आणि भिंत यांच्यात काळी फट, आत डाय फिरतोय. पण युरोपीय तज्ज्ञांचं एकमत असं की फट ०.४ मिमीपेक्षा कमी आणि लांबी १ मिमीपेक्षा कमी असेल तर तिच्या मागे लागू नये. धमनी स्वतःच ती भरून काढते. त्याहून मोठी, विशेषतः स्टेंटच्या वरच्या टोकाशी असेल, तर सांगा.

माप घेताना एक गंमत आहे. ओसीटीत स्ट्रटचा फक्त आतला चकाकता पृष्ठभाग दिसतो, मागची बाजू सावलीत जाते. त्यामुळे चकाकीपासून भिंतीपर्यंतचं अंतर स्ट्रटच्या जाडीपेक्षा जास्त असेल तरच फट खरी. हल्लीच्या औषधी स्टेंटचे स्ट्रट साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाड असतात.

टेकलेला म्हणजे उघडलेला नव्हे, आणि उलटही. कॅल्शियमच्या कड्यात अडकलेला स्टेंट सगळीकडे भिंतीला टेकलेला असतो आणि तरी वाईट असतो. मोठ्या धमनीत नीट उघडलेल्या स्टेंटचा एक कोपरा सुटलेला असू शकतो आणि तो बरा असतो. रिपोर्टमध्ये दोन्हींसाठी वेगळ्या ओळी लिहा.

एक जागा मात्र खरी घातक. कोणत्याही कारणाने वायर बाहेर येऊन पुन्हा टाकली असेल, तर ती पूर्ण लांबीभर स्टेंटच्या आतूनच गेलीय ना, हे फ्रेम-फ्रेम बघा. सुटलेल्या स्ट्रटच्या मागून वायर गेली आणि त्यावर बलून फुगवला तर स्टेंट भिंतीकडून आत चिरडला जातो.

७. कडा

स्टेंटच्या दोन्ही टोकांपलीकडचे ५ मिमी सावकाश बघा. आतल्या थराला गेलेला लहानसा तडा ओसीटीत सारखा दिसतो, त्यासाठी दुसरा स्टेंट मागायची गरज नसते. काळजीचा तडा म्हणजे ६० अंशांपेक्षा रुंद, २ मिमीपेक्षा लांब, मीडिया किंवा त्याबाहेर पोचलेला, आणि स्टेंटच्या खालच्या टोकाला. अशा वेळी तुमचं बोट स्क्रीनवर जायला हवं, आवाजासह.

भिंतीत रक्त साचलं असेल तर आयव्हसमध्ये मीडियाच्या जागी चंद्रकोरीसारखा फुगीर भाग दिसतो आणि पोकळी बाहेरून दाबली जाते. अँजिओवर ते आखडल्यासारखं वाटतं आणि लोक नायट्रो देत राहतात.

टोक चरबीच्या प्लाकवर उतरलंय का, तेही नोंदवा. त्या कडेला पुढे त्रास होण्याची शक्यता जास्त.

८. आत काय लोंबतंय

अटॅकच्या रुग्णात स्ट्रटच्या जाळीतून काहीतरी आत आलेलं दिसणं हे नेहमीचं आहे. ओसीटीत लाल गुठळी ठळक दिसते आणि मागे सावली टाकते. पांढरी गुठळी एकसारखी आणि मागचं दिसू देते. गुळगुळीत फुगवटा बहुतेक वेळा बिनमहत्त्वाचा. वेडावाकडा, तुटक कडांचा तुकडा असेल तर पोकळीचा किती भाग अडतोय ते मोजून सांगा.

इथे जास्त हुशारी नको. गुठळीवर पुन्हा पुन्हा बलून फुगवला तर तुकडे खाली जाऊन प्रवाह बंद पडू शकतो. प्रवाह चांगला असेल आणि स्टेंट नीट उघडलेला असेल, तर काही ऑपरेटर औषधांवर सोडतात. ते बरोबर की चूक हे आपण ठरवायचं नाही. गुठळी विरघळल्यावर तिच्या मागचे स्ट्रट नंतर सुटलेले दिसू शकतात, म्हणून तिची जागा रिपोर्टमध्ये लिहून ठेवा.

९. स्टेंट नसेल किंवा जुना असेल तर

कधी धमनी इतकी मोकळी असते की ऑपरेटर आधी कारण बघतात. टोपी, म्हणजे प्लाकवरचा पातळ थर, फाटून आत पोकळी झालेली दिसली तर प्लाक फुटलाय. टोपी शाबूत, वर पांढरी गुठळी, तर पृष्ठभाग खरवडला गेलाय. वेडंवाकडं कॅल्शियम आत घुसलेलं असेल तर गाठ. ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ टोपी फक्त ओसीटीतच मोजता येते.

तरुण बाई, मधुमेह नाही, तंबाखू नाही, आणि तरी अटॅक: धमनीचे थर आपोआप सुटले असतील अशी शंका घ्या. तिथे ओसीटीसाठी डाय जोरात सोडला तर तडा वाढू शकतो. इंजेक्टर लावण्याआधी विचारा.

जुन्या स्टेंटचा रुग्ण परत आला तर तोच क्रम लावायचा, फक्त स्ट्रटवर नवा थर किती आलाय आणि त्यात पुन्हा चरबी साचलीय का ते जास्तीचं. बंद पडलेल्या जुन्या स्टेंटमध्ये कारण पुष्कळदा पहिल्याच दिवसाचं निघतं: कमी उघडलेला.

१०. बोला, लिहा, जपून ठेवा

ऑपरेटर हातमोज्यात, रुग्ण टेबलवर. लांबलचक वर्णन नको. मी या क्रमाने बोलते: "सर, रन चांगली आहे. एमएसए ५.२, वरच्या अर्ध्या भागात, वरच्या रेफरन्सच्या ५८ टक्के. मागे कॅल्शियम, २०० अंश. वरच्या टोकाला ०.३ ची फट, लहान. खालची कड साफ. गुठळी किरकोळ." एका दमात होतं. माहीत नसेल तर "वायरच्या सावलीत आहे, दिसत नाही" असंच म्हणा. अंदाज सांगायचा असेल तर तो अंदाज आहे हे सांगून.

बलून फुगवल्यानंतर पुन्हा रन घेतली तर त्याच फ्रेमशी तुलना करा, फांदीची खूण धरून. आधी आणि नंतर अशा दोन फ्रेम शेजारी ठेवून सेव्ह केल्या की रिपोर्ट लिहिणाऱ्या रेसिडेंटला शोधत बसावं लागत नाही.

बाहेर नातेवाईक दारातच गाठतात. "ताई, आत किती टक्के राहिलं?" त्यांना ६९ टक्के म्हणजे ६९ टक्के ब्लॉकेज वाटतं, आणि तो आकडा मग वॉर्डपर्यंत, तिथून गावापर्यंत जातो. "डॉक्टर आत्ता येतायत, तेच चित्र दाखवून सांगतील," एवढंच बोला. त्यांना उभं राहायला जागा, बसायला खुर्ची दाखवा, तो आकडा नको.

शेवटचं काम रात्री तीन वाजता सगळ्यात जास्त राहतं. बऱ्याच ठिकाणी ओसीटीची रन अँजिओच्या सीडीत आपोआप जात नाही. कन्सोलवरून वेगळी एक्स्पोर्ट करावी लागते. रनला नाव देताना धमनी आणि स्टेंटच्या आधीची की नंतरची हे लिहा, नुसतं "रन ३" नको. रुग्ण जुन्नरला घरी जातो, दोन वर्षांनी पुन्हा दुखलं तर दुसऱ्याच हॉस्पिटलात पोचतो, आणि तिथल्या डॉक्टरांच्या हातात तुमची पहिल्या दिवसाची रन असेल तर फट जुनी की नवी, हे त्यांना लगेच कळतं. सीडी देण्याआधी एकदा दुसऱ्या कंप्युटरवर उघडून बघा आणि मगच फाइलला जोडा.